चोथ्याचं मोल

तत्त्वज्ञानाच्या माणसाने चहाच्या चोथ्यात कशाला पडावं, असं काहींना वाटलं असेल. पण 'टाकाऊ' हा शब्द मला बरीच वर्षं छळतो आहे. न्यायशास्त्रात जाती आणि उपाधी असा एक भेद करतात. गाईचं गाईपण ही जाती. एखाद्याचं स्वयंपाकीपण ही उपाधी. तो स्वयंपाक करतो म्हणून आपण त्याला तसं म्हणतो, एवढंच. टाकाऊपण हे या दुसऱ्या प्रकारातलं. गाळण्यातला चोथा कितीही चिवडलात तरी त्यात टाकाऊपण नावाचं काही सापडणार नाही. सापडेल ते टॅनिन, नायट्रोजन, तंतू आणि उरलंसुरलं कॅफीन.

या कॅफीनचीच गंमत बघा. १८१९ साली रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळं केलं. बिया दिल्या होत्या साक्षात कवी ग्योटेने! १८२७ मध्ये चहातून एक द्रव्य निघालं, त्याला म्हणाले 'थेईन'. दोन्ही एकच आहेत हे कळायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. आज चहाच्या कारखान्यात झाडून गोळा केलेली भुकटी, देठ, रेषा यांतून कॅफीन काढतात. ते औषधांत आणि शीतपेयांत जातं. म्हणजे कचऱ्याला चांगला भाव आहे.

पण या कचऱ्यावर आपल्याकडे १९५९ पासून सरकारी नियंत्रण आदेश आहे. तो ठेवायला, विकायला परवाना लागतो आणि बाहेर पडण्याआधी त्यात काहीतरी मिसळून तो पिण्याला नालायक करायचा असतो. कचरा मुद्दाम आणखी खराब करायचा! कारण उघड आहे. चहाच्या कचऱ्याचा सगळ्यात फायदेशीर उपयोग म्हणजे तो पुन्हा चहा म्हणून विकणं. हे आजचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये हॉटेलांतून वापरलेली चहापत्ती विकत घ्यायचे, डिंक लावून वाळवायचे, रंग चढवायचे आणि नवी म्हणून खपवायचे. डॉक्टर आर्थर हॅसल यांनी १८५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली असे नमुने तपासून ही भेसळ चव्हाट्यावर आणली, आणि १८६० मध्ये तिथे भेसळविरोधी कायदा झाला.

आता इथे जरा थांबा. एक माणूस चोथा गोळा करतो, वाळवतो आणि खत करतो. दुसराही गोळा करतो, वाळवतो आणि पुड्यात भरतो. 'टाकाऊतून टिकाऊ' ही आपली आवडती घोषणा दोघांनाही लागू पडते की नाही? पडते. म्हणून मला ती घोषणा अपुरी वाटते. फरक चोथ्यात नाही. घेणाऱ्याला काय सांगितलं, यात आहे. (शंका असेल तर गाळणकागदावर थोडी पत्ती पसरा, पाणी शिंपडा. मग कागद धुऊन उजेडात धरा. रंगाचे डाग राहिले तर पत्ती रंगवलेली आहे.)

सद्हेतूनेही नुकसान होतंच. कॉफीचा गाळ कुंडीत घाला, झाडं टवटवीत होतात, असे संदेश सगळ्यांच्याच फोनवर येतात. मेलबर्नमध्ये संशोधकांनी हे करून पाहिलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ताजा गाळ थेट मातीत मिसळला तर झाडांची वाढ चक्क खुंटते. तोच गाळ पालापाचोळ्याबरोबर नीट कुजवला तर गोष्ट वेगळी. घाई नडते, दुसरं काय!

आपल्या चोथ्याची आणखी एक भानगड आहे. आपण चहा उकळतो तो दूध, साखर, आलं घालून. असा चोथा तसाच गुलाबाला घातला की मुंग्या लागतात, वास सुटतो. एकदोनदा पाण्यातून काढा, पिळा, मग खताच्या बादलीत टाका. बिनदुधाच्या चोथ्याचं पाणी छोल्यांच्या रंगाला आणि मेंदी भिजवायला आपल्या बायका कधीपासून वापरत आल्या आहेत; लोखंडाच्या कढईत मेंदी काळपट होते ती टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने. टॅनिनच्या या धातूला धरून ठेवण्याच्या स्वभावामुळेच पाण्यातलं शिसं शोषायला चोथा वापरता येईल का, याचे प्रयोग प्रयोगशाळांतून चालू आहेत.

मेलबर्नच्याच आरएमआयटी विद्यापीठाने २०२३ मध्ये कॉफीचा गाळ हवेविना ३५० अंश सेल्सिअसला भाजून त्याचा कोळसा केला, आणि काँक्रीटमधल्या वाळूपैकी १५ टक्के वाळूच्या जागी तो घातला. काँक्रीट सुमारे ३० टक्के मजबूत झालं. बातमी छान आहे, पण ओल्या गाळात निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि दोन-चार दिवसांत त्यावर बुरशी येते. गावभरच्या कॅफेंतून तो रोज उचलायचा, वाळवायचा, त्याचं भाडं कोणी भरायचं? मोठ्या कारखान्यात ढीग एका जागी असतो, तिथे हे जमेल. तुमच्या-माझ्या घरच्या मूठभर चोथ्याला मात्र गच्चीतली बादलीच बरी.