बदललेली किडनी किती वर्षं टिकते?

कोल्हापुरात फुटबॉलचं उदाहरण दिलं की लोक ऐकतात, म्हणून सुरुवात तिथूनच. क्रोएशियाचा इव्हान क्लास्निच. किडन्या निकामी झाल्या तेव्हा तो विशीतच होता. २००७ मध्ये आधी आईची किडनी बसवली, ती शरीराने नाकारली. मग वडिलांची बसवली, ती चालली. पुढच्याच वर्षी युरो कपमध्ये पोलंडविरुद्धचा एकमेव गोल याच पठ्ठ्याने मारला!

बहुतेकांना एवढीच गोष्ट माहीत असते. पण २०१६ मध्ये वडिलांची किडनीही बंद पडली, डायलिसिस सुरू झालं आणि २०१७ मध्ये तिसरी किडनी बसवावी लागली.

म्हणजे मित्रांनो, ट्रान्सप्लांट हे एकदाच करायचं रिपेअर नाही. जिवंत दात्याची किडनी साधारण १५-२० वर्षं चालते, मृत दात्याची बहुधा त्याहून कमी. साठीत बसवली तर जन्माला पुरेल. पण विसाव्या वर्षी बसवली तर?

आपली प्रतिकारशक्ती नव्या किडनीला शत्रू समजते. तिला दाबायला टॅक्रोलिमससारख्या गोळ्या, बहुधा दर बारा तासांनी, कायमच्या. डोस कमी पडला तर शरीर किडनीवर तुटून पडतं. जास्त झाला तर गोळीच किडनीला इजा करते आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरातला प्रॉब्लेम वाटावा असं हे प्रकरण आहे. फीडबॅक म्हणजे रक्ततपासणी. मात्र तो उशिरा मिळतो. क्रिएटिनिन दुप्पट दिसतं तोवर किडनीचं जवळपास निम्मं काम गेलेलं असतं, आणि पेशंटला कित्येकदा काहीच जाणवत नाही.

अमेरिकेतल्या नोंदींनुसार किडनी गमावण्याचा धोका सर्वात जास्त १७ ते २४ या वयात असतो. म्हणजे आपल्याच! लहानपणी गोळी आई देते. पुढे मुलांचे डॉक्टर सुटतात, घर सुटतं, हॉस्टेल येतं.

माझ्या आतेभावाचं तेच झालं. आत्याने त्याला किडनी दिली होती. हॉस्टेलवर कोणी विचारू नये म्हणून हा रात्रीची गोळी चुकवायचा. अधूनमधूनच, असं तो म्हणतो. तब्येत ठणठणीत, क्रिकेट चालू. रिपोर्ट आला तेव्हा क्रिएटिनिन १.२ वरून २.३ वर गेलेलं. मी त्याच्यावर जाम चिडले होते. पण चारचौघांत 'पेशंट' व्हायला विसाव्या वर्षी कोणाला आवडेल?

ही किडनी गेली तर आत्या दुसरी देऊ शकत नाही. मग पुण्याच्या विभागीय केंद्राची वेटिंग लिस्ट. कोल्हापूर त्यांच्याकडेच येतं. शिवाय पहिल्या किडनीविरुद्ध रक्तात अँटिबॉडीज तयार झालेल्या असतात, त्यामुळे दुसरी जुळणं आणखी अवघड.

सध्या त्याचं क्रिएटिनिन १.८ वर थांबलंय. परवा आम्ही सगळे रंकाळ्यावर बसलो होतो. बरोबर आठला त्याचा मोबाईल वाजला. त्याने खिशातून गोळी काढली आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली.