आवळला की उचलतो

मिलिंग मशीनच्या व्हाइसमध्ये जॉब ठेवायचा, दांडा जोर लावून ओढायचा आणि कटर चालू करायचा. यात शास्त्र कसलं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण काम झाल्यावर गुण्या लावला आणि पात्याखालून उजेड दिसला, तर मशीनला दोष देण्याआधी हे आवळणं तपासावं.

व्हाइसचा एक जबडा पक्का असतो, दुसरा सरकता. सरकत्याला ढकलणारा स्क्रू खाली, बॉडीच्या पोटात. जॉब मात्र वर. ढकललं जातं खालून आणि अडतं वर, त्यामुळे जबडा मागे कलू पाहतो. तो सरकायचा तर वाटेत बारीकशी फट ठेवावीच लागते. त्या फटीपुरता तो कलतो, त्याची पुढची कड उठते आणि घर्षणाने चिकटलेला जॉबही तिच्यासोबत वर जातो. समजा, ५० मिमी रुंद जॉबची एक बाजू ०.०५ मिमी उचलली गेली. डोळ्याला काही कळणार नाही, पण वरचं तोंड तळाशी तेवढंच तिरकं कापलं जाईल.

म्हणून जॉब आवळल्यावर तांब्याच्या किंवा नायलॉनच्या हातोडीने ठोकून खालच्या पॅरलल पट्ट्यांवर बसवतात. मग बोटाने पट्टी हलवून बघायची. हलली, तर त्या बाजूला जॉब अधांतरी आहे. ठोकून झाल्यावर 'अजून जरा' म्हणून दांडा ओढायचा मोह नव्या पोरांना हमखास होतो. तसं केलं की जॉब पुन्हा वर, ठोकणं फुकट.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग असेल तर अडचण वेगळी. त्याच्या खडबडीत बाजू एकमेकींना समांतर नसतात. अशा वेळी आधी एक तोंड साफ करून ते पक्क्या जबड्याला लावतात, आणि सरकता जबडा व जॉब यांच्यामध्ये गोल सळी आडवी धरतात. सळी एकाच रेषेत दाबते. जबडा कलला तरी ती किंचित घरंगळते आणि जॉब पक्क्या जबड्याला सपाट चिकटून राहतो. इतका स्वस्त आणि इतका हुशार उपाय वर्कशॉपात दुसरा नसेल. अमेरिकेतल्या कर्ट कंपनीच्या 'अँगलॉक' व्हाइसमध्ये जबडा उचलला जाण्याची अडचण आतल्या उतरत्या पृष्ठभागाने सोडवली आहे: जबडा पुढे ढकलला जातो तसा खालीही ओढला जातो.

आता जोर किती लावायचा? दाब १००० किलो आणि घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर दोन्ही जबडे मिळून सुमारे ३०० किलोपर्यंतची ओढ सोसतात. जबड्यांवर तेल राहिलं की हा आकडा घसरतो. नेहमीचा उजव्या पिळाचा एंड मिल जॉबला वर खेचतो, आणि वरच्या दिशेने अडवायला भिंत नसते. तिथे भिस्त घर्षणावरच. आडव्या ढकलीचं तसं नाही. तिचं तोंड पक्क्या जबड्याकडे ठेवलं, तर ती जबड्याच्या अंगावर जाते.

पातळ भिंतीच्या जॉबला मात्र जास्त आवळणंच नडतं. दाबाखाली तो वाकतो, वाकलेल्या अवस्थेत सरळ कापला जातो आणि दांडा सैल करताच परत फिरून वाकडा होतो. म्हणून जाड काप घट्ट पकडीत घेतात, मग दांडा सोडून हलकेच पुन्हा धरतात आणि शेवटचा बारीक काप त्या सैलसर पकडीत मारतात.