लेण्याद्रीची वाट आणि जुन्नरचीं द्राक्षें

अष्टविनायकांची यात्रा ज्यांच्या घरीं एकदां तरी घडली नाहीं, असें कुटुंब आमच्या वाचकांत विरळाच असेल. आम्ही तर शिरूरचे. रांजणगांवचा महागणपति आमच्या अंगणांतलाच म्हणावयाचा, आणि दौंडास दिलेल्या आमच्या कन्येस भीमेपलीकडचें सिद्धटेक तितकेंच जवळचें. परंतु लेण्याद्रीस जाऊन आलेल्यांपैकीं कितीजणांनीं गिरिजात्मजाच्या शेजारचें लेणें पाहिलें, असें कोणी विचारलें तर पुष्कळांस खालीं पहावें लागेल. आम्हांसही लागलें असतें. नोकरींत असतांना शाळेच्या सहली घेऊन आम्ही चार-पांच वेळां तेथें गेलों. मुलांकडून पायऱ्या मोजविल्या, दर्शन करविलें, माकडांपासून डबे सांभाळले आणि परत फिरलों. ज्यास थोडेंबहुत संस्कृत येतें त्या मास्तराला हें शोभण्यासारखें नव्हतें.

गेल्या फाल्गुनांत पुनः योग आला, तो घरच्या मंडळींच्या नवसामुळें. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हांच 'आपल्या पायांनीं लेण्याद्री चढेन' असें त्या बोलून बसल्या होत्या. चिरंजीव गाडी चालविण्यास, सातवींतला नातू आणि दौंडची नात, असे आम्ही पांचजण मलठण, मंचर, नारायणगांव या वाटेनें निघालों. मंचर सोडलें कीं डोंगर जवळ येऊं लागतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव दिसतात. जुन्नर तालुक्यांत माणिकडोह, वडज, येडगांव, पिंपळगांव जोगे आणि चिल्हेवाडी अशीं पांच धरणें आहेत. कुकडी प्रकल्पाचे कालवे आमच्या शिरूर तालुक्यापर्यंत येतात, आणि खुद्द कुकडी आमच्याच बाजूस घोडनदीस मिळते. म्हणजे जें पाणी आम्ही उसास पाजतों, त्याच्या माहेरीं आम्ही चाललों होतों.

लेण्याद्रीच्या पायऱ्या सुमारें तीनशें. डोलीवाले खालींच उभे असतात. त्यांतल्या एकानें फार आर्जव केलें. पण मंडळींनीं पदर खोचला आणि काठी घेतली. दर वीस पायऱ्यांवर बसावयाचें, घोटभर पाणी प्यावयाचें, असा क्रम ठरला. अशाच एका थांब्यावर नातवानें सरकारी फलक वाचून विचारलें, "आजोबा, येथें तर बौद्ध लेणीं असें लिहिलें आहे. मग गणपति कोणाचा?"

प्रश्न सरळ होता. परंतु नवस फेडण्यास, दुखऱ्या गुडघ्यानें चढणाऱ्या आजीसमोर तो विचारला गेला होता. गिरिजेनें येथें तप केलें व तिला गजानन पुत्र झाला, ही कथा मंडळी लहानपणापासून ऐकत आलेल्या. आम्ही क्षणभर घुटमळलों. मग म्हटलें, लेणें खोदलें तें बौद्ध भिक्षूंकरितां; वर गेल्यावर भिंतींतल्या खोल्या मोज, म्हणजे कळेल. देव तेथें मागाहून आला. मंडळी कांहींच बोलल्या नाहींत. पुढल्या वीस पायऱ्या त्यांनीं एका दमांत चढल्या, त्यावरून आम्हांस धास्तीच वाटली.

या डोंगरांत ओळीनें सुमारें तीस लेणीं आहेत, सर्वांचीं तोंडें दक्षिणेकडे. गिरिजात्मज आहे तें सातवें. मोठें दालन, मध्यें एकही खांब नाहीं, आणि तिन्ही बाजूंस मिळून वीस खोल्या. मुलांनीं त्या दोनदां मोजल्या. दर्शन झालें. मंडळी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अहो, ज्यांनीं हें घर खोदलें त्यांनाही मीं नमस्कार केला. आतां तें शेजारचें काय आहे तें दाखवा."

तें शेजारचें, म्हणजे सहावें लेणें, चैत्यगृह आहे. खांबांच्या दोन रांगा, त्यांच्या माथ्यांवर हत्ती-सिंहादि प्राणी, वर कमानदार छत आणि टोंकाशीं स्तूप. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें हें चैत्यघर दिलें, असा ब्राह्मी लेख तेथें आहे. हेरणिक म्हणजे संस्कृत हैरण्यिक, सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. कल्याण बंदरापासून नाणेघाट चढून जो माल देशावर येई, तो जुन्नरावरूनच पुढें जाई; तेव्हां दाता कल्याणचा असावा यांत नवल नाहीं.

जुन्नरच्या भोंवतालीं लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. त्यांतील लेख पंडित भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं १८८१ मध्यें छापून काढले. आम्हीं त्यांचीं टिपणें वहींत उतरून नेलीं होतीं आणि त्या रात्रीं जुन्नरांत मुक्कामीं मुलांना वाचून दाखविलीं. दाते कोण? धान्य विकणाऱ्यांची श्रेणी. तिनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दिलें. यवन, म्हणजे ग्रीक म्हणविणारे लोक. त्यांतल्या एकानें भिक्षूंच्या भोजनासाठीं मंडप दिला, एकानें दोन टांकीं. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम. त्यानें शेहेचाळिसाव्या वर्षीं टांकें व मंडप दिला. बांबूचें काम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचाही उल्लेख आहे. आम्हांस सर्वांत गोड वाटला तो एका शक उपासकाचा लेख. त्यांत वीस निवर्तनें जमीन 'करंजमूल' आणि नऊ निवर्तनें 'वडमूल' अशी नोंद आहे. त्या जमिनीचें उत्पन्न झाडें लावण्यासाठीं होतें, असा अर्थ पंडितांनीं केला आहे. करंजाचें तेल दिव्यास चालतें. अंधाऱ्या लेण्यांत राहणाऱ्यांस करंज देणारा मनुष्य विचारी असला पाहिजे.

दुसऱ्या सकाळीं तुळजा लेणीं पाहिलीं. तेथील चैत्य वर्तुळाकार आहे. बारा अठपैलू खांबांचें कडें, मधोमध स्तूप, वर घुमट. असा नमुना फारसा कोठें पहावयास मिळत नाहीं. मानमोडीची चढण मंडळींनीं सोडून दिली, आणि तें बरेंच झालें. वाटेंत हापूसबाग नांवाचें गांव लागतें. नातीला वाटलें आंब्याचें, पण त्या नांवाचा संबंध हबशीबागेशीं लावतात. जुन्नरचा हापूस मात्र खराच. तो कोंकणच्या मागून येतो, आणि आम्ही गेलों तेव्हां झाडांवर नुकत्या कैऱ्या धरत होत्या.

परततांना नारायणगांवाजवळ एका बागायतदाराकडे थांबलों. काळ्या जंबो द्राक्षांचे घड कागदांत गुंडाळलेले होते. त्यानें सांगितलें, एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरांत गोडी छाटणी, आणि पुढें चार महिने जीव मुठींत. डावणी, भुरी हे रोग तर आहेतच; पण माल तयार होत असतां अवकाळी पाऊस पडला कीं मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत जाते. गेल्या वेळीं त्याची निम्मी बाग अशीच गेली होती. चांगला माल युरोपांत जातो. आम्हांस 'पेरिप्लस' आठवला. त्या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोचच्या बंदरीं इटलीची द्राक्षमदिरा उतरे असें लिहिलें आहे. हें सांगूं लागलों, तों बागायतदार हंसला आणि म्हणाला, "मास्तर, तिकडचे लोक एका मण्यावर डाग असला तर पेटी परत करतात." उन्हें कलूं लागलीं तसा त्यानेंच आम्हांस घाई केली, कडेच्या उसांत बिबट्याचा वावर होता.

दोन पेट्या घेतल्या, एक शिरूरची, एक दौंडची. मंडळींनीं रात्रीं गुडघ्यास तेल चोळून घेतलें आणि मानमोडीस दिवाळींत जाऊं असें सांगितलें. सकाळीं उठून पाहतों तों अंगणांतल्या हौदावर खडूनें वेडींवांकडीं दोन चिन्हें काढलेलीं. नातवानें आमच्या वहींतून ब्राह्मी अक्षरें उतरविलीं होतीं. एकास 'इ'ची मात्रा द्यावयाची राहिली होती, पण शब्द लागत होता. जुन्नरच्या लेखांत पाण्याच्या टांक्यास 'पोढि' म्हणतात.