कळतं, की अंदाजाने चालतं?

‘त्याला कळतं सगळं, फक्त बोलत नाही,’ असे अनेक पालक सांगतात. खात्री करणे सोपे आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला बोट न दाखवता, दाराकडे न बघता नुसते म्हणावे, ‘चप्पल आण.’ काही मुले इथेच अडतात. एरवी आईची नजर, हातवारे, रोजची सवय यांवरून त्यांचे निभावते. शाळेत मात्र हेच मूल ‘हट्टी’ ठरते आणि मार खाते.

आधी कान तपासावेत. टाळीला मूल वळले म्हणजे ऐकू येते, हा समज चुकीचा. कानाच्या पडद्यामागे पाणी साठले तरी मोठा आवाज कळतो. ‘पान’ आणि ‘कान’ यांतला फरक निसटतो. लहान मुलांची बेरा चाचणी झोपेतही होते. कान ठीक असतील, तर वाचा-भाषातज्ज्ञांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी मोफत होते. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणत वर्ष घालवू नये.

घरी टीव्ही बंद करून, समोर बसून छोटी वाक्ये बोलावीत. ‘डबा उघड.’ मग थांबावे. दहा सेकंदही थांबावे लागेल. परीक्षेपुरते टाळलेले हातवारे शिकवताना भरपूर वापरावेत. इंग्रजी शाळेसाठी घरची मराठी सोडू नये. आणि ‘समजलं का?’ विचारण्यात अर्थ नाही, न समजलेले मूलही मान डोलावते. ‘करून दाखव,’ म्हणावे.