वर्गणी एक, आवडी अनेक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले ते 2 ऑक्टोबर 1953 रोजी. पुढे 1955च्या रामनवमीला याच केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात त्याची 56 गीते प्रसारित झाली. त्या काळी रेडिओ घरात एक असे आणि ऐकणारे सगळे. रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे, त्याची वार्षिक फी पोस्टात भरावी लागे. 1980च्या दशकात हा परवाना रद्द झाला. पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि आता गाणी थेट इंटरनेटवरून फोनमध्ये येतात. माणशी एक फोन झाला, प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे आले. गंमत अशी, की पैसे भरायची वेळ आली की पुन्हा हिशेब 'घर' म्हणूनच होतो. संगीतसेवांच्या या 'कौटुंबिक वर्गणी'विषयी आज बोलायचे आहे.

आधी ही सेवा म्हणजे काय ते पाहू. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन ही त्यांपैकी काही नावे. कंपनीच्या संगणकांवर लाखो गाणी साठवलेली असतात. आपण मागू ते गाणे त्या क्षणी इंटरनेटवरून फोनकडे येते आणि वाजते. काही सेवा जाहिरातींसह फुकट ऐकू देतात. वर्गणी भरली की जाहिराती जातात आणि गाणी फोनमध्ये उतरवून ठेवता येतात. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. आपण कॅसेट विकत घेत होतो तसे हे गाणे विकत घेतलेले नसते. हे भाडे आहे. भाडे थांबले की सोय थांबली.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. समजा, कोथरूडमधल्या एका घरात आजी आहेत, आईवडील आहेत, कॉलेजात जाणारी मुलगी आहे आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. वडिलांनी स्वतःच्या नावाने वर्गणी भरली आणि पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकला. पुष्कळ घरांत असेच होते, आणि तंटा इथेच सुरू होतो. एकट्याच्या वर्गणीत साधारणपणे एका वेळी एकाच यंत्रावर गाणे वाजते. आजींनी सकाळी अभंग लावला आणि बसमध्ये बसलेल्या नातीने तिचे गाणे सुरू केले, की आजींचा अभंग मध्येच बंद पडतो. आजींना वाटते फोन बिघडला. फोन बिघडलेला नसतो. नातीने नकळत त्यांची पाळी घेतलेली असते.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. आपण काय ऐकतो, काय अर्धवट सोडतो, काय पुन्हा लावतो, याची नोंद ठेवून ही सेवा पुढची गाणी सुचवत असते. पाच जणांनी एकच खाते वापरले, तर तिच्या दृष्टीने तो एकच माणूस असतो. सकाळी भीमसेनांचा तोडी, दुपारी कार्टूनची गाणी आणि रात्री कोरियन पॉप ऐकणारा! मग त्याला सुचवायचे तरी काय? शेवटी कोणालाच आपल्या आवडीचे मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कौटुंबिक योजना. ती समजून घ्यायला आपले रेशनकार्ड आठवावे. कार्ड एक, त्यावर कुटुंबप्रमुख एक, बाकीच्यांची नावे खाली आणि पत्ता सगळ्यांचा एकच. इथेही तसेच आहे. प्रमुख पैसे भरतो आणि इतरांना सदस्य करून घेतो. ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक यांच्या कौटुंबिक योजनेत प्रमुख धरून सहा जण बसतात. इतर सेवांत हा आकडा वेगळा असू शकतो. दरही अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन्ही पाहून घ्यावे.

रेशनकार्डाशी एक फरक मात्र आहे, आणि तोच महत्त्वाचा. इथे प्रत्येक सदस्याचे खाते स्वतंत्र असते. बिल सामायिक, आवड ज्याची त्याची. आजींच्या याद्या आजींकडे, नातीच्या नातीकडे. पाचही जण एकाच वेळी वेगवेगळी गाणी ऐकू शकतात. प्रमुखाला इतरांची नावे दिसतात, पण कोण काय ऐकते ते त्याच्यासमोर उघडे पडत नाही. कॉलेजातल्या मुलीला हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे ती आनंदाने सामील होईल!

सुरुवात कशी करायची? आधी घरातल्या प्रत्येकाचे स्वतःचे खाते हवे. ज्यांचे फुकटचे खाते आधीपासून आहे, त्यांनी तेच ठेवावे, नवे उघडू नये. म्हणजे जुन्या याद्या जागेवर राहतात. मग प्रमुखाने कौटुंबिक योजना घ्यायची आणि बाकीच्यांना आमंत्रण पाठवायचे. ते ईमेलने किंवा मेसेजने येते. ज्याने त्याने आपल्या फोनवर, आपल्या खात्यातून ते स्वीकारायचे. आजींचा फोन नातीने हाती घेऊन हे करून दिले तरी चालेल, मात्र खाते आजींचेच उघडलेले आहे ना, हे बघूनच. आणि घरात कोणाची एकट्याची वर्गणी आधीच चालू असेल तर ती बंद करायला विसरू नये. नाहीतर एकाच माणसाचे पैसे दोनदा जात राहतात.

आता पत्त्याचा प्रश्न. पुण्यात हा प्रश्न घरोघरी आहे, कारण एखादा मुलगा बंगळूरला असतो, एखादी मुलगी न्यू जर्सीला. मनाने कुटुंब एकच असते, पण कंपनीचे कुटुंब म्हणजे एका छताखाली राहणारी माणसे. यूट्यूबच्या नियमात सर्व सदस्य एकाच निवासी पत्त्यावर राहणारे असावेत अशी स्पष्ट अट आहे आणि ती वेळोवेळी तपासली जाते. गुगलच्या कुटुंबगटात सगळे एकाच देशातले लागतात, ॲपलमध्येही सर्वांच्या खात्यांचा देश एकच असावा लागतो. त्यामुळे परदेशातल्या मुलाने तिथल्या कार्डाने वर्गणी भरून पुण्यातल्या आईवडिलांना त्यात घ्यावे, हे जमत नाही. त्याला मदतच करायची असेल तर त्याने पैसे पाठवावेत आणि वर्गणी इथल्या माणसाच्या नावाने असावी.

म्हणजे प्रमुख कोणाला करायचे, हा विचार नीट करायला हवा. वयाने मोठा तो प्रमुख, असा इथे नियम नाही. अन्नसुरक्षा कायद्याने 2013 साली रेशनकार्डावर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले, ते तिचा हक्क म्हणून. इथे प्रमुखपण ही नुसती जबाबदारी आहे. घरात कायम राहणारी, बँकेचे मेसेज वाचणारी आणि ईमेल उघडून पाहणारी व्यक्ती निवडावी. कारण प्रमुखाने योजना बंद केली किंवा त्याचे पैसे गेले नाहीत, तर सगळ्या घराची सोय एकदम थांबते. शिवाय गुगल आणि ॲपल दोन्हीकडे एका वर्षात एकदाच कुटुंबगट बदलता येतो. आज इकडे, उद्या तिकडे, असे चालत नाही.

आता पैशांकडे येऊ. ही वर्गणी दर महिन्याला आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 1 ऑक्टोबर 2021पासून अशा आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना ग्राहकाला किमान 24 तास आधी द्यावी लागते. परवानगी पहिल्यांदा देताना ओटीपी लागतो. पुढच्या हप्त्यांना, रक्कम 15 हजारांच्या आत असेल तर, तो लागत नाही. म्हणून तो आगाऊ आलेला मेसेज जाहिरात समजून पुसू नये. दर वाढला असेल तर तो आपल्याला तिथेच कळतो. यूपीआयने पैसे भरत असाल तर त्या ॲपमध्ये 'ऑटोपे' या सदराखाली चालू परवानग्यांची यादी असते. महिन्यातून एकदा ती पाहावी. आणि फोनमधून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली, असे मुळीच नाही. ती खात्यात जाऊन रद्द करावी लागते.

इथेच आणखी एक सावधगिरी. गुगल किंवा ॲपलचा कुटुंबगट केला की केवळ संगीतच नव्हे, तर इतर खरेदीही प्रमुखाच्या पैशांतून होण्याची सोय त्यात असते. दहा वर्षांच्या मुलाने खेळातली तलवार विकत घेतली आणि बिल आईला आले, असे होऊ नये. खरेदीपूर्वी प्रमुखाची परवानगी लागेल अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करता येते. ती पहिल्याच दिवशी करावी. तेरा वर्षांखालच्या मुलाचे खाते आईवडिलांनीच उघडून द्यायचे असते. शिवराळ शब्द असलेल्या गाण्यांवर इंग्रजी 'ई' अक्षराची खूण असते. मुलांच्या खात्यावर ती गाणी बंद ठेवता येतात.

घरात बोलून चालणारा स्पीकर असेल तर तो कोणाच्या खात्याशी जोडला आहे हे पाहावे. तो वडिलांच्या खात्याशी जोडलेला असला, की आजींनी स्पीकरवर गाणे लावताच ऑफिसात वडिलांचे गाणे थांबते. स्पीकर मुख्यतः ज्या व्यक्तीसाठी आहे, तिचेच खाते त्याला द्यावे.

डेटाचाही हिशेब सोपा आहे. उत्तम दर्जाचे गाणे सेकंदाला 320 किलोबिट घेते, म्हणजे तासाला सुमारे 144 एमबी. साध्या 96 किलोबिटच्या दर्जाला तासाला 43 एमबी पुरतात. बसमध्ये, रस्त्याच्या गोंगाटात हा फरक कानाला फारसा कळतही नाही. तेव्हा बाहेर साधा दर्जा ठेवावा. घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्यावीत. मात्र उतरवलेली गाणीही भाड्याचीच असतात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिकमध्ये 30 दिवसांतून एकदा तरी इंटरनेटशी जोडावे लागते, नाहीतर ती वाजत नाहीत.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, की तिला गटातून मोकळे करावे. तिचे खाते आणि तिच्या याद्या तिच्याबरोबर जातात. तिने स्वतःची वर्गणी भरली की पुढे चालू. हा स्वतंत्र खात्याचा मोठा फायदा. वडिलांच्याच खात्यात सगळ्यांनी याद्या केल्या असत्या, तर तिला रिकाम्या हाताने जावे लागले असते. प्रमुखाच्या आजारपणात किंवा पश्चात बँक खाते गोठले, तर काय होईल याचाही विचार व्हावा. प्रमुख कोण, पैसे कोणत्या खात्यातून जातात आणि कोणत्या तारखेला, एवढे तरी विम्याच्या कागदांबरोबर लिहून ठेवावे. पासवर्ड मात्र चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवू नये!

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. सेवा स्वतःही बंद पडू शकतात. रेसो 2024च्या जानेवारीअखेर भारतातून गेली. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याचे जाहीर केले. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या अशा वेळी अडचणीत येतात. म्हणून आपल्या आवडीच्या शंभरेक गाण्यांची नावे गायक-संगीतकारांसह वहीत उतरवून ठेवावीत. अलूरकर म्युझिक हाऊससारख्या पुण्याच्या संस्थेने काढलेल्या कॅसेट, सीडी घरात असतील तर त्या रद्दीत देऊ नयेत. घरच्या मैफलीचे, आजोबांच्या आवाजातल्या भजनाचे ध्वनिमुद्रण असेल तर ते आजच संगणकात घेऊन दोन ठिकाणी जपावे. बाकीची गाणी भाड्याने पुन्हा मिळतील, घरातला आवाज कोणत्याही वर्गणीत मिळणार नाही.