रक्त जातं कुठे?

यवतमाळ जिल्ह्यात 'अंगात रक्त कमी आहे' हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की त्यापुढे कुणी फारसं विचारत नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम-गोंड वस्त्यांत सिकलसेल आहे. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना अंकुशकृमी होतात. बाळंतपणं आणि अर्धपोटी राहणं तर आहेच. एवढी कारणं समोर दिसत असल्याने लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. पण पन्नाशीतल्या पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाअभावी उतरत असेल, तर रक्त कुठून तरी वाहून जातंय, हा संशय आधी घ्यायला हवा. कधीकधी ती जागा मोठ्या आतड्यातली गाठ असते.

हे आतडं साधारण दीड मीटर लांब. उजव्या बाजूला ते रुंद, आतला मळ पातळ. त्यामुळे गाठ बरीच वाढली तरी वाट अडत नाही. तिच्यावरून रक्त झिरपतं, मळात मिसळतं आणि डोळ्यांना दिसतही नाही. माणसाला कळतं ते एवढंच, की एका दमात डवरायचं तास आता अर्ध्यावर सोडावं लागतं, धाप लागते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटतात, पण त्यांतलं लोह बहुतांशी शरीरातच राहतं. इथे रक्त लोहासकट बाहेर पडतं. फेरिटिनची रक्ततपासणी हा फरक ओळखायला मदत करते. झिरपलेल्या रक्ताने कधी शौच काळपट होतं, पण लोहाच्या गोळ्यांनीही त्याचा रंग काळा होतो, म्हणून तो गोळ्यांच्या आधीच बदलला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

डाव्या बाजूला आणि गुदाशयात चित्र वेगळं. मळ घट्ट झालेला, वाट अरुंद. कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, मळाची धार बारीक होणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, आव आणि रक्त पडणं. इथे रक्त दिसतं, पण मूळव्याधीचं नाव पुढे येतं आणि शोध थांबतो. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक, शेवटी ठिबकणारं असतं हे खरं. तरी नुसत्या रंगावर विसंबू नये. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. न तपासता महिनोन्महिने मलम आणि चूर्ण देत राहणं हा मला रुग्णावरचा अन्यायच वाटतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने या कर्करोगाच्या 800 रुग्णांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय होतं सुमारे 47. निम्म्याहून अधिक जणांना गुदद्वारातून रक्त जात होतं. गुदाशयातल्या अनेक गाठी हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती होऊ शकते. तरी रुग्णाची लाज आणि डॉक्टरांचा संकोच यांत ती राहून जाते. बायका तर घरातही बोलत नाहीत. त्यांनी महिला डॉक्टर मागाव्यात, पण तपासणी टाळू नये.

बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी चालते. तिथे हा कर्करोग तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या मानाने कमीच दिसतो. सरकारी तपासणी मोहीमही त्या तिन्हींचीच आहे. म्हणून आतड्याची तक्रार रुग्णानेच तोंड उघडून सांगावी लागते. सांगितली तर हाती वेळ असतो: अस्तरावरच्या पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि कोलोनोस्कोपीत दिसलेला पॉलिप बहुतेकदा तिथेच काढता येतो.

शौचाची बदललेली सवय तीन-चार आठवडे टिकली, वजन उतरलं, रक्त दिसलं, तर वेचणीचा हंगाम संपायची वाट पाहू नये. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर तेही सांगावं. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत येते. रेशनकार्ड सोबत ठेवावं. मात्र पोट फुगून मळ आणि वारा दोन्ही बंद झाले, उलट्या लागल्या, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. अशा वेळी घरी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नये. अडलेलं आतडं त्याने फुटू शकतं.