हूक तुटला तर? (यंत्रांचे सुटे भाग : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण दाबाची स्प्रिंग पाहिली. तिच्यावर भार वाढत गेला की वेटोळी एकमेकांना टेकतात आणि ती आपोआप थांबते. आजची स्प्रिंग ओढीची. कारखान्यात तिला टेन्शन स्प्रिंग किंवा एक्स्टेन्शन स्प्रिंग म्हणतात. तिला थांबवणारे आत काहीच नसते. जितके ओढाल तितकी ती येते आणि मर्यादा ओलांडली की कायमची सैल पडते किंवा तुटते. तिची निवड करताना हे सतत ध्यानात ठेवायला हवे.

ठाण्यातल्या कोलशेत रोडवर जिथे आधी सँडोझचा आणि पुढे क्लॅरियंटचा रसायनांचा कारखाना होता, तिथे आता उंच इमारती आहेत. कारखाने गेले, तरी ही स्प्रिंग इथल्या प्रत्येक पार्किंगमध्ये आहे. स्कूटरचे साइड स्टँड वर खेचून धरते ती हीच. ब्रेक सोडल्यावर ड्रममधले दोन्ही ब्रेकशू जवळ ओढते तीही हीच. बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे गेलात, तर यंत्रमागावर तिची खरी कसोटी दिसते. मागावरची डॉबी नावाची यंत्रणा ताण्याच्या धाग्यांची चौकट वर उचलते आणि ती परत खाली आणायचे काम ओढीच्या स्प्रिंगा करतात. समजा, मागावर मिनिटाला १२० वेळा बाण्याचा धागा पडतो आणि वीण साधी आहे. मग प्रत्येक चौकट मिनिटाला ६० वेळा उचलली जाते, तासाला ३,६०० वेळा, बारा तासांच्या पाळीत ४३,२०० वेळा. पंचवीस दिवसांच्या आतच स्प्रिंगने दहा लाख ताण सोसलेले असतात.

आता तिची रचना पाहू. ओढीच्या स्प्रिंगची वेटोळी बहुधा एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. वायर गुंडाळतानाच तिच्यात हा घट्टपणा भरलेला असतो. त्याला सुरुवातीचा ताण म्हणतात. तेवढा जोर लागेपर्यंत स्प्रिंग उघडतच नाही. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम, म्हणजे जितका जोर तितकी लांबीतली वाढ, इथे या टप्प्यानंतर लागू होतो.

एक उदाहरण घेऊ. वायर २ मिमी, वेटोळ्याचा सरासरी व्यास १६ मिमी, वेटोळी २०, साधे स्प्रिंग स्टील. हिशेब केला की ही स्प्रिंग दर सेंटिमीटरला सुमारे २ किलो जोर मागते. सुरुवातीचा ताण दीड किलो धरला, तर ४ सेंमी ओढायला साधारण साडेनऊ किलो लागतील. व्यास आणि वेटोळी तीच ठेवून वायर फक्त अडीच मिमीची केली, तर कडकपणा जवळजवळ अडीचपट होतो, कारण तो वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून वायर व्हर्नियरनेच मोजावी. डोळ्यांना न जाणवणारा फरक इथे स्प्रिंग पार बदलून टाकतो.

याच हिशेबातून गॅरेजमधली एक घातक सवयही कळते. सैल पडलेली स्प्रिंग चार-पाच वेटोळी कापून, पक्कडीने नवा हूक वाकवून पुन्हा चढवतात. वीसातली पाच वेटोळी गेली, की कडकपणा एक तृतीयांशाने वाढतो. ओढायचे अंतर मात्र तेवढेच राहते, म्हणजे उरलेल्या प्रत्येक वेटोळ्यावर जास्त भार येतो. शिवाय पक्कडीच्या दातांचा ओरखडा नेमका हूकच्या वळणावर उमटतो.

ते वळण हीच या स्प्रिंगची नाजूक जागा. भार आला की वेटोळ्यातली वायर पिळली जाते, पण पूर्ण गोल हूकमधली वायर वाकते. एकाच जोराखाली वेटोळ्यातल्या पिळाच्या ताणापेक्षा हूकच्या वाकाचा ताण आकड्यात सुमारे दुप्पट भरतो. तुटलेली स्प्रिंग हातात घेऊन पाहा. बहुतेक वेळा मधली वेटोळी शाबूत असतात आणि वेटोळे संपून हूक सुरू होतो तिथे वायर तुटलेली असते. म्हणून हूकचे वळण जितके मोठे आणि गुळगुळीत, तितके आयुष्य जास्त. फेरे लाखांत मोजायचे असतील, तर शेवटची वेटोळी निमुळती करून त्यात वेगळा फिरता हूक बसवून घ्यावा.

कोलशेत खाडीकाठचे. इथल्या दमट, खारट हवेत उघड्यावर साधी वायर गंजते आणि गंजाचा प्रत्येक खड्डा तडा सुरू होण्याची जागा ठरतो. स्टेनलेस स्टील टिकते, पण त्याच मापात ते सुमारे दहा टक्के मऊ पडते. त्यामुळे माप जसेच्या तसे ठेवून नुसता धातू बदलू नये. झिंक प्लेटिंग करायचे असेल, तर त्यानंतर स्प्रिंग लगेच भट्टीत तापवून घेतली आहे ना, हे विचारा. प्लेटिंगमध्ये पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही, तर कडक वायर काचेसारखी तडकते.

आता शीर्षकातला प्रश्न. ब्रेकशूची स्प्रिंग तुटली तर ब्रेक घासतो. मागाची तुटली तर कापडात दोष येतो. पण बाल्कनीतल्या झोपाळ्याची तुटली तर माणूस पडतो. तिथे ड्रॉबार स्प्रिंगच हवी.

तिची रचना अशी: दाबाच्या स्प्रिंगच्या पोकळीतून जाड वायरचे दोन लांबट फासे समोरासमोरच्या बाजूंनी ओवलेले असतात. वरून शिरलेल्या फाशाची टोके स्प्रिंगच्या खालच्या तोंडाला वळवून अडकवतात आणि खालून शिरलेल्याची वरच्या तोंडाला. फासे बाहेर ओढले की आतली स्प्रिंग दाबली जाते. भार फार झाला तर वेटोळी टेकतात आणि ओढ तिथेच थांबते. वेटोळे तुटले, तरी तुकडे फाशांच्या टोकांमध्ये अडकून राहतात आणि भार खाली सुटत नाही. ही स्प्रिंग महाग असते, जड असते आणि जागाही जास्त घेते. तरीही जिथे माणसाचा भार आहे तिथे हा खर्च करायलाच हवा.

झोपाळ्याचा भार नुसत्या वजनावर काढू नये. दोघांचे मिळून १५० किलो असतील आणि झोका ४५ अंशांपर्यंत जात असेल, तर सर्वांत खालच्या बिंदूवर ओढ वजनाच्या सुमारे १.६ पट होते, म्हणजे २४० किलो. दोन बाजूंना दोन स्प्रिंगा असतील, तर प्रत्येकीवर १२० किलो. शिवाय कोणी धपकन बसले तर ओढ आणखी वाढते. म्हणून दुकानदाराला दोन आकडे विचारा: स्प्रिंग किती किलोला पूर्ण दाबली जाते आणि फासे किती किलोला तुटतात. दुसरा आकडा आपल्या हिशेबाच्या कित्येक पट हवा. स्लॅबमधल्या कड्यालाही हाच नियम लावावा.

ओढीची स्प्रिंग बनवून घेताना कागदावर एवढे लिहून न्या: वायरची जाडी, बाहेरचा व्यास, एका हूकच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंतची मोकळी लांबी, हूकची दिशा, जास्तीत जास्त ओढ आणि दिवसाचे फेरे. त्याखाली शेवटची ओळ हवीच: तुटली तर काय होईल? उत्तरात माणसाला इजा असेल, तर ड्रॉबार घ्या. ते शक्य नसेल, तर स्प्रिंगच्या आतून स्टीलची दोरी ओवून तिची दोन्ही टोके पक्क्या आधाराला बांधा. तेवढे केल्याशिवाय ती स्प्रिंग बसवू नका.

(पुढील आठवड्यात : पीळ सोसणारी टॉर्शन स्प्रिंग)